दोन भाकरी जास्तीच्या

आमच्या आजीला वीसपुढचे आकडे येत नसत. वीस झाले की बाजरीचा एक दाणा ओट्यात टाकायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. शेवटी दाणे मोजून सांगायची, "तीन ईस आन् वर सात." शेळ्या असोत, पेंढ्या असोत, लग्नाची माणसं असोत, हिशोब कधी चुकला नाही. दवाखान्यातल्या खाटाही तिनं अशाच मोजल्या होत्या. त्यावरूनच हे सगळं आठवलं.

साल बहुधा १९७८. थोरले चुलते १९७९ म्हणत, पण ते आता नाहीत आणि वाद घालायलाही कोणी उरलं नाही. आजोबांना धाप लागली म्हणून सुप्याच्या स्टँडवरून एसटीत घातलं. कामरगाव, चास, केडगाव करत नगर यायला तेव्हा किती वेळ लागायचा! आजोबा प्रत्येक थांब्यावर विचारत, "आलं का?" नगरातल्या एका मोठ्या दवाखान्यात त्यांना भरती केलं. दवाखान्याचं नाव घालत नाही, कारण तेव्हा जे तिथं होतं तेच सगळीकडं होतं.

रात्री सलाईन संपलं आणि नळीत रक्त चढलं. चुलते असे काही ओरडले की अख्खा वॉर्ड जागा झाला. "झोपा काढता का? पगार कशाचा घेता?" पांढऱ्या साडीतली एक पोरसवदा मुलगी धावत आली, सुई नीट केली, काही न बोलता पुढच्या खाटेकडं गेली. आजी उशाशी बसलेली होती. ओट्यातले दाणे चाचपून ती म्हणाली, "दोन ईस आन् वर तीन खाटा हायेत. खाली सतरंजीवर निजल्यात ते येगळे. पोर एकली हाय. तू जत्रंत वाढपी असतोस ना रं? तीन पंगती एकल्यानं वाढल्यास का कधी?"

चुलते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी घरून डबा आला तेव्हा आजीनं निरोप धाडला, उद्यापासून दोन भाकरी जास्तीच्या. बाजरीच्या भाकरी, लसणाचा ठेचा आणि हुलग्याचे शेंगोळे. शेंगोळे डब्यात गार होऊन गच्च बसतात, तरी ती पोरगी कपाटाच्या आडोशाला उभी राहून खायची. आजीला ते काही बघवेना. "बस गं बाई, उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाई." ती म्हणायची, "बसते आजी, एवढं इंजेक्शन झालं की." ती बसलेली मी तरी पाहिली नाही.

आता गंमत अशी की, हीच आजी त्याआधी बरीच वर्षं नर्स या शब्दानं पेटत असे. कारण माझी धाकटी आत्या. सातवी फायनल झाली आणि तिनं नर्सबाईच्या शिक्षणाचं खूळ घेतलं. दोन वर्षं बाहेर राहायचं, रात्रपाळी करायची, परक्या पुरुषांचं अंग पुसायचं! घरात चुलीला पाणी पडल्यासारखं झालं. "रातच्याला घराबाहेर ऱ्हाणारी बाई कोण करून घेणार?" असं आजी म्हणाल्याचं आत्याच सांगते. भावकीतल्या एकानं तर विचारलं होतं, "बाटणार का काय पोरगी?"

या प्रश्नालाही मुळं होती. नगरला अमेरिकन मिशन आलं ते १८३१ साली. त्यांच्या शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, आणि आमच्या भागात नर्स पाहिली ती बहुतेकांनी मिशनच्या दवाखान्यातच. गावानं ज्यांना वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांच्या मुली तिथं शिकल्या, रुग्णाच्या उशाशी उभ्या राहिल्या. त्यांच्या हातचं औषध चालायचं, पाणी चालत नसे. पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदनातून नर्सिंग शिकायला मुली धाडल्या, तेव्हा तिकडच्या पांढरपेशा घरांतही अशीच नाकं मुरडली गेली. म्हणजे सुप्याचीच खोड होती असं नाही.

आजीच्या सासूनं पाहिलेल्या प्लेगच्या गोष्टी मला आजीकडून तिसऱ्या हातानं मिळाल्या आहेत, त्यामुळं खरं किती आणि पदरचं किती, देव जाणे. गाठीचा ताप आला की गाव माळावर झोपड्या घालून राही. घरात उंदीर पडला की माणसं भांडी टाकून पळत. आजारी माणसाजवळ कोण थांबायचं, असं मी विचारलं तर आजी म्हणाली, "ज्याला पळता येत न्हवतं ते." पुढं वाचनात आलं की त्याच प्लेगात, १८९७ च्या मार्चमध्ये, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या बाजूचं एक आजारी पोर पाठीवर घालून त्यांनी हडपसरच्या माळावरच्या, त्यांच्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं होतं. अध्यापनाचं शिक्षण घ्यायला त्या आमच्या नगरला मिशनच्या मिस फॅरार बाईंकडं येऊन गेल्या होत्या. आजीला हे सांगायचं राहून गेलं. "मंग पाणी कोण देत व्हतं तिला?" असं तिनं नक्की विचारलं असतं.

आत्याला घरानं शिकू दिलं ते आजोबांच्या हट्टानं. आजीचा राग मात्र गेला १९७२ च्या दुष्काळात. आमच्या पारनेर तालुक्यानं दुष्काळ काही कमी पाहिलेले नाहीत, पण तो न्यारा. मी दहा वर्षांचा होतो. लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे आणि सुकडीसाठी आम्ही पोरं ताटल्या घेऊन रांगेत. आई-चुलत्या खडी फोडायला. आत्या तेव्हा दुसऱ्या तालुक्यात नोकरीला होती. दुष्काळी कामावरच्या बायकांची बाळंतपणं तिनं ताडपत्रीच्या आडोशाला केली. एकदा आजी तिला भेटायला म्हणून गेली आणि आठ दिवस राहून आली. तिथं तिनं काय पाहिलं ते कधी सांगितलं नाही. आल्यावर एवढंच म्हणाली, "पोरीच्या हाताला गुण हाय." आणि बाळंतिणीसाठी आळीव कुठं मिळतात त्याची चौकशी करत बसली. दुष्काळात आळीव!

मान असा मिळाला आणि चार वर्षांत पुन्हा गेला. १९७६ साली कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेच्या केसेस आणायचं काम नर्सबायांच्या गळ्यात आलं. इतक्या केसेस आण, नाहीतर पगार अडकेल. आत्या म्हणते, "ज्या घरात मी नाळ कापली, त्याच घरातली माणसं मला बघून बाजरीत शिरायची." पांढरी साडी लांबून दिसली की आरोळी उठायची. तिला हसू यायचं आणि रडूही. त्यातच हजारो माणसांमागं एक नर्सबाई हा सरकारी हिशोब. त्या सगळ्यांची बाळंतपणं, लसी, ताप, नोंदवह्या. ती एका वस्तीवर असली की बाकीच्या वस्त्या म्हणायच्या, बाई कधी जागेवर नसते.

आणि मी तरी कोण मोठा लागून गेलो? माझ्या बायकोच्या ऑपरेशनच्या वेळी मीही एका नर्सवर ओरडलो आहे. अगदी चुलत्यांचेच शब्द. खाटा मोजायची आठवण तेव्हा झाली नाही.

दवाखान्याच्या भिंतीवर नियम लावलेले असतात, पेशंटजवळ एकच नातेवाईक थांबावा वगैरे. एका नर्सकडं किती पेशंट असावेत, तो नियम मात्र भिंतीवर कधी पाहिला नाही. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे: साध्या रुग्णालयात पाच जणांमागं एक, जिथं डॉक्टर शिकतात तिथं तिघांमागं एक. आत्याला हे वाचून दाखवलं तर तिनं चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं, मी काही विनोद केल्यासारखं.

मग करोना आला. २२ मार्च २०२० ला सुप्यातही थाळ्या वाजल्या. आमच्या गल्लीत एकानं तर पितळी परात चेपवून घेतली. त्याच गल्लीत पुढं एमआयडीसीतल्या कामगाराच्या बायकोला, ती दवाखान्यात नर्स होती, घरमालकानं खोली सोडायला सांगितली. परात वाजवणारा आणि खोली सोडायला लावणारा एकच होता का? होता. नाव लिहीत नाही, अजून रोज रामराम होतो. दुसऱ्या लाटेत आमच्याच तालुक्यात भाळवणीला अकराशे खाटांचं कोविड सेंटर उभं राहिलं. टीव्हीवर बातमी लागली की आत्या म्हणायची, "खाटा दिसल्या रे. पोरी किती हायेत त्या दाखीव म्हणावं."

आणि ६ नोव्हेंबर २०२१. भाऊबीज होती. आत्या आमच्याकडं ओवाळायला आली होती, ऐंशीच्या घरात असून. ताट तयार, आणि फोन खणखणू लागले. नगरच्या सिव्हिलमध्ये कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग. त्या दिवशी अकरा माणसं गेली. त्यांच्या घरच्यांचं दुःख काय लिहावं? तीन दिवसांनी पहिली अटक झाली ती चौघींना, एक डॉक्टर आणि तीन परिचारिका. आग विझवायची यंत्रणा तिथं पुरी बसलीच नव्हती, हेही पेपरात छापून आलं. पुढं चौकशा झाल्या, नर्सेसनी निदर्शनं केली. कोण किती दोषी ते ठरवायला कोर्ट आहे, मी नाही. पण पारावर चर्चा चालली ती त्या तिघींचीच. न बसवलेल्या पाइपाची चर्चा कोण करतो? पाइपाला चेहरा नसतो.

पुढच्या मे महिन्यात कंत्राटी भरतीच्या विरोधात राज्यभरातल्या सरकारी नर्स संपावर गेल्या, तेव्हा पारावर पुन्हा तेच. पेशंट टाकून ह्या बसल्यात बघा. आत्यानं हे ऐकलं आणि म्हणाली, "बसल्यात ना? बसू दे की जरा."

परवा तिच्याकडं गेलो होतो. सूनबाईंनी पाट मांडला, ताट वाढलं. शेंगोळे केले होते, आजीसारखे नाहीत पण बरे. आत्या ओट्याला टेकून, हातावर भाकरी घेऊन खात होती. नोकरीतून उतरून पंचवीसेक वर्षं झाली असतील. मी म्हटलं, "आत्या, बस की गं."

"बसते रे," ती म्हणाली, "तुझी भाकर तेवढी वाढून झाली की."