मैदानातून वेदीकडे

खेळाडू पाद्री झाला म्हटलं की आपल्याकडे लोकांना जरा गंमत वाटते. पण रत्नागिरीच्या खाली तेरेखोल ओलांडलं, की गोव्यात फुटबॉल आणला तोच मुळी एका पाद्र्यानं. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स, साल १८८३, गाव शिवोली. शाळेतल्या मुलांच्या शिक्षणाचा भाग म्हणून त्यांनी हा खेळ सुरू केला. पुढे गोव्यात तो किती रुजला ते तुम्ही जाणताच. तेव्हा पाद्र्यानं मुलांना चेंडूमागे पळवावं, हे आपल्या शेजारी जुनंच आहे. आज मला उलट वाटेनं गेलेल्या माणसाविषयी बोलायचंय.

क्रिकेटवाल्यांना डेव्हिड शेपर्ड आठवत असेल. १९५२ साली ओव्हलवर आपल्या सांगलीच्या विजय हजारेंच्या संघाविरुद्ध ११९ धावा केल्या त्यानं. १९५५ मध्ये तो धर्मगुरू झाला, आणि नंतरही कसोटी खेळला. पण तो अँग्लिकन. त्यांच्यात संसार चालतो, बॅटही चालते. कॅथलिक संघात व्रत घेणाऱ्याचं तसं नाही. ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन, सगळं एकदम.

फिलिप मलरिन हा १९७८ साली बेलफास्टमध्ये जन्मलेला मुलगा. मँचेस्टर युनायटेडच्या युवा संघात वाढला, १९९९ मध्ये नॉर्विचला गेला, त्याच वर्षी पाय मोडला. त्यातूनही उभा राहिला. २००४ साली नॉर्विच प्रीमियर लीगमध्ये पोचलं त्यात तो होता. उत्तर आयर्लंडसाठी २७ सामने खेळला. पैसा होता, नाव होतं. आणि २००५ मध्ये शिस्त मोडली म्हणून राष्ट्रीय संघातून त्याला घरी पाठवलं. पुढे इंग्लंडशी सामना होता. तो त्याच्या देशानं १-० जिंकला, हा नसताना! अशा वेळी माणसाच्या मनात काय होत असेल, बघा.

२००९ मध्ये तो सेमिनरीत गेला, पुढे डॉमिनिकन संघात. ८ जुलै २०१७ रोजी डब्लिनला त्याला दीक्षा मिळाली. काही जण म्हणतात, खेळ संपला म्हणून देवाकडे गेला. मला हे पटत नाही. हरलेल्या माणसाला आसराच हवा असता, तर आठ वर्षं तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र घोकत कोण बसलं असतं? आम्ही ते शिकवलंय, त्यातला कंटाळा आम्हाला ठाऊक आहे.

याच डॉमिनिकन संघातला तेराव्या शतकातला थॉमस अक्वायनस. ॲरिस्टॉटलकडून त्यानं एक विचार घेतला: सद्गुण हा मनात उमटणारा भाव नव्हे, तो वारंवार करून अंगात मुरतो. हे कुठल्याही प्रशिक्षकाला न सांगता कळतं. आपला ‘तालीम’ शब्दच घ्या ना. मूळ अरबीत त्याचा अर्थ शिक्षण, आपण त्याचा आखाडा केला. पहाटे उठायचं, वस्तादानं सांगितलं तेवढे जोर काढायचे, वाद घालायचा नाही. मठातली पहाटेची प्रार्थना यापासून फार लांब नाही.

फरक एवढाच, की आखाड्यातून माणूस संध्याकाळी घरी जातो. २००५ मध्ये मलरिनलाही घरी पाठवता आलं. व्रत घेतल्यावर परत जायला ते घरच उरलं नाही.