भाकरी ताटातून गेली कशी?

मिरज ही दवाखान्यांची पेठ. 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं. आज जत-आटपाडीपासून अथणी-विजापूरपर्यंतची माणसं औषधपाण्याला इथंच येतात. हल्ली शुगरच्या पेशंटला डॉक्टर गोळ्यांबरोबर एक सल्ला हमखास देतात. चपाती-भात कमी करा, ज्वारीची भाकरी खा.

सल्ला चांगलाच आहे. पण जतच्या ज्या म्हाताऱ्याला हे सांगितलं जातं, त्याचं लहानपण भाकरीवरच गेलेलं असतं. मग मधल्या पन्नास-साठ वर्षांत भाकरी गेली कुठं? "लोकांच्या जिभेचे चोचले वाढले" असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. आपल्या ताटात काय यावं आणि किती यावं, हे ठरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी घराबाहेरच्या असतात. थोडा इतिहास बघू.

सुरुवात चहापासून. चहा ही काही आपली पिढीजात सवय नव्हे. मळेवाल्यांचा सगळा डोळा विलायतेच्या बाजारावर होता. 1903 साली इंग्रज सरकारने चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. 1930 नंतरच्या मंदीत परदेशात माल उठेना, तेव्हा इथल्या माणसाला चहा प्यायला शिकवायची मोहीमच निघाली. रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याच्या देशी भाषांतल्या पत्र्याच्या पाट्या लागल्या, स्टॉल उभे राहिले. आपल्यासारख्या जंक्शनच्या गावाला वेगळं सांगायला नको.

चहामागोमाग साखर आली. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 चा. त्यानंतर वसंतदादांनी सांगलीत कारखाना उभा केला आणि नदीकाठ उसाचा झाला. पाहुण्याला गुळाचा चहा देणं कमीपणाचं वाटू लागलं. आज बातमीसाठी एका गावात चार घरी गेलं तर चार कप होतात. नको म्हटलं तर माणसं नाराज होतात. यातली किती साखर आपण भूक म्हणून खाल्ली आणि किती मान राखायला, याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

आता धान्याकडे. आपल्याकडे गहू हे सणाचं धान्य. अजूनही इकडे पोळी म्हटलं की ती पुरणाचीच. रोजची ती भाकरी. दुसऱ्या महायुद्धात, 1943 मध्ये, मुंबईत रेशनिंग आलं आणि दुकानात येईल ते खायची सवय शहराला लागली. 1956 मध्ये भारताने अमेरिकेशी पीएल-480 चा करार केला, बोटी भरभरून गहू येऊ लागला. पुढे हरितक्रांती झाली. गव्हा-तांदळाला सुधारित बी मिळालं, पाणी मिळालं, हमीभावाने सरकारी खरेदी मिळाली. 1965 मध्ये अन्न महामंडळ आलं, त्याची गोदामंही मुख्यतः याच दोन धान्यांनी भरली. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली आपली मालदांडी चवीला एक नंबर, पण तिच्यासाठी असा बंदोबस्त कुणी केला नाही.

मग 1972 चा दुष्काळ. माझा जन्म नंतरचा, पण घराघरांत अजून 'मिलो' हा शब्द निघतो. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. ज्वारी पिकवणारा माणूस रेशनच्या रांगेत उभा राहून बाहेरची ज्वारी घेत होता. दिवसभर खडी फोडायची आणि सुकडी खायची. आपल्याच जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना या दुष्काळात राज्यभर उभी राहिली, तिने लाखो माणसं जगवली. पण ज्या पिढीने मिलो चावली, तिने पुढे पोरांसाठी गव्हाची चपाती मागितली तर तिला नावं कशी ठेवायची?

त्यानंतर पाणी आलं. म्हैसाळ योजनेतून कृष्णेचं पाणी मिरजेच्या पूर्व भागात, कवठेमहांकाळला, जतला पोचलं. ते यायलाच हवं होतं, पिढ्यान्‌पिढ्या वाट बघितली होती. पाणी आलं तिथं शाळू हटला, द्राक्ष आणि ऊस आला. हातात पैसा आला, पण कणगीतली ज्वारी संपली. घरची ज्वारी होती तोवर भाकरीला पैसे मोजावे लागत नव्हते. आता ती बाजारातून आणायची, आणि बऱ्याचदा ती गव्हापेक्षा महाग असते.

शाळेतही तेच. 1995 पासून पोषण आहारात मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला. 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने शिजवलेलं अन्न द्यायला सांगितलं, त्यानंतर खिचडी आली. मुलं शाळेत टिकली, हे मोठंच काम झालं. पण भाकरीच्या मुलखातल्या पोरांची जीभ भातावर वाढली.

आणि घरातली बाई? ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी तुटते, म्हणून दळण ताजं लागतं. भाकरी थापावी लागते, गरम खावी लागते. चपात्या सकाळी करून डब्यात घालता येतात. सहाला उठून एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बाईला "भाकरी का करत नाहीस" असं विचारणं सोपं आहे.

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरड धान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद आहे. तांदूळ तीन, गहू दोन, भरड धान्य एक. जानेवारी 2023 पासून तर सगळंच फुकट. त्याच वर्षी जगभर भरड धान्य वर्ष साजरं झालं, आपल्याकडेही जाहिराती झाल्या. रेशनवर ज्वारी मात्र मधूनमधून कुठंतरी दिसते, एरवी पिशवीत गहू-तांदूळच पडतो. घरात फुकटचा गहू असताना गरीब माणूस खिशातले पैसे घालून ज्वारी आणेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून पेशंटला उपदेश करण्याआधी आपण सरकारकडे तीन गोष्टी मागू. जतच्या, आटपाडीच्या शेतकऱ्याचा शाळू हमीभावाने वेळेवर खरेदी करा. तोच शाळू याच जिल्ह्याच्या रेशनवर दर महिन्याला द्या. शाळेत आठवड्यातून दोन दिवस तरी भाकरी द्या, आणि ती थापणाऱ्या बायांना तिची नीट मजुरी द्या. निवडणुका आल्या की उमेदवार चहा प्यायला येतातच. या वेळी कप पुढे करताना हे विचारा.