किल्ल्याखालचं ग्वाल्हेर

ग्वाल्हेरला गेलेला मराठी माणूस आधी किल्ला चढतो. मानमंदिर, तेली का मंदिर, सास-बहू मंदिर पाहण्यात दिवस सरतो. मराठी घराणी जिथे दोन शतकं नांदली, ते शहर मात्र खाली सपाटीवर आहे. जाणत्या वाटाड्याबरोबर आठ-दहा जणांनी सायकलवरून पाहावं ते हेच. गल्ल्यांत मोटार अडकते, आणि सगळं पायी पाहायचं तर दमछाक होते.

फेरी हजिऱ्यापासून सुरू करावी. सूफी संत महंमद घौसच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनाची साधी कबर आहे. तिथल्या चिंचेचा पाला चघळला की गळा सुरेल होतो, अशी गवयांची श्रद्धा. महाराष्ट्रात ख्याल रुजला तो याच गावामुळे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ती गायकी त्यांनी दक्षिणेत नेली. मिरजेला त्यांच्याकडे तयार झालेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. खुद्द ग्वाल्हेरात भातखंड्यांनी महाराज माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने 1918 मध्ये संगीत विद्यालय उभारलं.

पुढे फुलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईची समाधी. इथे सायकली लावून निवांत थांबावं, कारण हा इतिहास अवघड आहे. जून 1858 मध्ये शिंद्यांची फौज बंडवाल्यांना मिळाली, महाराज जयाजीराव शिंदे मात्र इंग्रजांच्या बाजूने राहिले. राणी लढता लढता पडली आणि गंगादासांच्या मठात तिला अग्नी दिला गेला. त्यानंतर किल्ल्यावर इंग्रजांची शिबंदी बसली, ती 1886 पर्यंत. त्या वर्षी शिंद्यांनी किल्ला आणि मोरारची छावणी परत मिळवली, पण त्या बदल्यात आपल्या ताब्यातली झाशी इंग्रजांना दिली. राणीची झाशी! वाटाड्याने ही गोष्ट गाळू नये. समाधीवर फूल वाहणाऱ्याला ती ठाऊक असायलाच हवी.

तिथून जयविलास प्रासादावरून लष्कर या भागात शिरायचं. हा प्रासाद 1874 मधला, मायकेल फिलोजने बांधलेला. दरबार हॉलच्या अजस्र झुंबरांचं वजन छताला पेलेल का, हे पाहायला वर हत्ती चढवले होते, असं सांगतात.

लष्कर म्हणजे दौलतराव शिंद्यांची छावणी. 1810 मध्ये ती इथे पडली आणि पुन्हा उठलीच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती पेठा वसल्या. फाळके बाजार, पाटणकर बाजार, दौलतगंज, शिंदे की छावणी: पाट्या वाचत गेलं तरी दरबाराची ओळख होते. महाराज बाड्याजवळच्या गोरखीत शिंद्यांचं देवघर आहे, आणि मनसूरशाह अवलियावरही या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा आहे. कवी भा. रा. तांबे याच शहरात राजकवी होते. 1941 साली इथेच वारले.

जुन्या वाड्यांची लाकडी कामं आता झपाट्याने उतरताहेत. किल्ला पाहून परतीची गाडी धरणाऱ्या मराठी प्रवाशांनी बाजार उघडण्याआधीची एक सकाळ तरी लष्करासाठी राखावी.