परिचारिकांचे मानसिक स्वास्थ्य आणि सजगता

सजगता म्हणजे वर्तमान क्षणातील श्वास, संवेदना व विचार यांकडे निवाडा न करता लक्ष देणे होय. रुग्णसेवेतील दीर्घकालीन ताणाने परिचारिकांना येणारा भावनिक थकवा कमी करण्यासाठी तिचा उपयोग केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा कार्यजन्य थकव्याला आजार न मानता व्यवसायाशी निगडित स्थिती मानले.

पार्श्वभूमी

चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा वनव्याप्त आहे. पावसाळ्यात पुरामुळे भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी प्रसूती, हिवताप वा सर्पदंशाच्या रुग्णाची पहिली जबाबदारी अनेकदा उपकेंद्रातील परिचारिकेवर येते.

परंपरा व पद्धती

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) विदर्भात सामुदायिक ध्यान व प्रार्थना रुजवली; त्यामुळे काही क्षण शांत बसण्याची रीत येथे अपरिचित नाही. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला सजगतेचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा असून कोणत्याही धर्माशी बांधलेला नाही. पाळी सुरू होण्यापूर्वी श्वासाकडे लक्ष देणे हा त्यातील साधा सराव होऊ शकतो.

मर्यादा

सजगतेने ताण हलका होऊ शकतो. परंतु अपुरे मनुष्यबळ, सलग पाळ्या व निवासाची गैरसोय ही त्याची कारणे दूर होत नाहीत. तीव्र नैराश्यात मानसोपचारच आवश्यक ठरतात.