बांधावरचा मोथा आणि राजाचे स्नान

मंडळी, महाळुंग्याला मुळेच्या काठाने लव्हाळा उपटताना त्याच्या मुळांच्या काळसर गाठी तुमच्या हाती आल्या असतील. पिकाचा वैरी म्हणून आपण त्या फेकून देतो. पण एखादी गाठ चेचून हुंगून पाहा. हाच तो मोथा. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा याचाच भाऊबंद.

इ.स.च्या 6व्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त 16 सुगंधी द्रव्ये सांगितली. त्यांत चंदन, कापूर, अगुरू यांच्या पंगतीला मोथा बसला आहे! सोळांतली कोणतीही चार घेतली तर 1820 मिश्रणे होतात, हा हिशेबही त्याने दिला. (गुरुजींनी तो फळ्यावर जरूर मांडून पाहावा.)

पुढे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सुमारे 1129 साली 'मानसोल्लास' रचला. त्यात राजाचे स्नान हा स्वतंत्र विषय आहे. आधी तेलाचे मर्दन, मग तेल काढायला सुगंधी चूर्ण, मग पाणी; अंगाची उटी ऋतुमानाप्रमाणे वेगळी. रोमन लोकही अंगाला तेल चोपडीत, पण ते मळासकट धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडून काढीत.

कस्तुरी-कापूर गरिबाला कुठला? मोथा, शिकेकाई, रिठा मात्र रानातून येई. राजाच्या न्हाणीची पोथी झाली. शिकेकाई कुटणाऱ्या बायांचे प्रमाण कुणी लिहिले नाही. ते सासूकडून सुनेकडे गेले, मुठीच्या मापाने. आमची आजी उटण्यात मोथा किती घाली, हे मला आज सांगता येत नाही. विचारायचे राहून गेले.