रक्ताचा कर्करोग, एक बिघडलेले प्रथिन आणि रोजची एक गोळी

नागपूर (प्रतिनिधी) – रक्ताचा कर्करोग म्हटले की रुग्ण हातचा गेला, अशी समजूत समाजात अद्याप प्रचलित आहे. वास्तविक या कर्करोगाचे अनेक प्रकार असून त्यांपैकी एका प्रकाराबाबत तरी ही समजूत गेल्या पाव शतकात खोटी ठरली आहे. 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' अर्थात सीएमएल हा तो प्रकार होय. शरीरातील एकाच प्रथिनाच्या बिघाडातून हा रोग उद्भवतो. त्या प्रथिनाला वेसण घालणारी गोळी नियमित घेतल्यास बहुसंख्य रुग्ण मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाप्रमाणे दीर्घकाळ नेहमीचे आयुष्य जगू शकतात. हे प्रथिन कोणते, त्याचा शोध कसा लागला, त्यावरील गोळी सामान्य भारतीयाच्या आवाक्यात कशी आली आणि एवढे होऊनही उपचार कोठे अडतात, याचा हा आढावा.

पेशीतील निरोप्या

मानवी शरीरातील पेशींनी केव्हा वाढावे, केव्हा विभागावे आणि केव्हा मरून जावे, याचे आदेश पेशीच्या आत प्रथिनांमार्फत पोचविले जातात. अशा निरोप्या प्रथिनांपैकी 'एबीएल' हे एक आहे. ते 'टायरोसिन कायनेज' या गटात मोडते. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या एटीपी या रेणूपासून फॉस्फेटचा एक कण काढून घेणे आणि तो दुसऱ्या प्रथिनाला चिकटविणे, एवढेच या गटाचे काम. मात्र हा कण चिकटला की दुसरे प्रथिन जागे होते, ते तिसऱ्याला जागे करते आणि अशा रीतीने निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो.

निरोगी पेशीत एबीएल बहुतांश वेळ बंद अवस्थेत असते. गरज पडली तरच ते चालू होते आणि काम होताच पुन्हा बंद होते. घरातील विजेच्या बटणासारखीच ही व्यवस्था आहे. सीएमएलमध्ये नेमके हे बटण चालू स्थितीत अडकून बसते. अस्थिमज्जेतील मूळ पेशीला 'वाढ, विभाग' असा आदेश अखंड मिळत राहतो आणि पांढऱ्या पेशींचे बेसुमार पीक येते. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणतः ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी असतात. या रुग्णांत ती संख्या एक लाखाच्या पुढे गेलेली अनेकदा आढळते.

दोन गुणसूत्रांची अदलाबदल

हे बटण अडकते कसे, याचा उलगडा होण्यास पंचवीस वर्षे लागली. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या संशोधकांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसले. शहराच्या नावावरून त्याला 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' म्हटले जाऊ लागले. एखाद्या कर्करोगाचा विशिष्ट गुणसूत्रदोषाशी संबंध जोडला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. १९७३ साली शिकागोतील जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की, हे गुणसूत्र नुसते तुटलेले नाही. क्रमांक ९ आणि क्रमांक २२ या दोन गुणसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांना दिलेले असतात.

या अदलाबदलीत नवव्या गुणसूत्रावरील एबीएल जनुक बाविसाव्या गुणसूत्रावरील 'बीसीआर' या जनुकाला जाऊन चिकटते, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले. या जोडजनुकापासून तयार होणारे 'बीसीआर-एबीएल' हे प्रथिन निरोगी माणसाच्या शरीरात रोग घडविण्याइतके आढळत नाही. एबीएलला बंद ठेवणारा भाग त्यात गळून पडलेला असतो, तर बीसीआरच्या भागामुळे असे अनेक रेणू एकत्र येऊन परस्परांना चालू करतात. १९९० साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत केवळ हे एक जनुक घातल्याने सीएमएलसदृश रोग निर्माण झाला आणि खरा गुन्हेगार हाच, हे सिद्ध झाले.

ही अदलाबदल जन्मानंतर अस्थिमज्जेतील एखाद्या पेशीत घडते. त्यामुळे हा रोग आईवडिलांकडून मुलांकडे जात नाही आणि तो संसर्गजन्यही नाही. तीव्र किरणोत्सर्गाने त्याचा धोका वाढतो, हे हिरोशिमा व नागासाकी येथील अणुबॉम्बहल्ल्यातून वाचलेल्या नागरिकांच्या अभ्यासातून दिसून आले. तथापि, बहुसंख्य रुग्णांत कोणतेही निश्चित कारण सापडत नाही.

गोळीचा जन्म

पूर्वी या रुग्णांना बुसल्फान आणि हायड्रॉक्सियुरिया ही औषधे दिली जात. सिकलसेलच्या रुग्णांमुळे विदर्भाला परिचित असलेले हायड्रॉक्सियुरिया ते हेच. या औषधांनी पांढऱ्या पेशींची संख्या खाली येई, परंतु रोगाची वाटचाल थांबत नसे. तीन ते पाच वर्षांत रोग उग्र रूप धारण करी आणि रुग्ण दगावे. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा काही रुग्णांना लाभ होई. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने रोग समूळ बरा होऊ शके. मात्र त्यासाठी जुळणारा दाता, मोठा खर्च आणि जिवाची जोखीम पत्करण्याची तयारी लागे.

प्रथिनाचे बटण सापडल्यावर ते बंद करणारा रेणू शोधण्याचे काम स्वित्झर्लंडमधील सिबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन, युर्ग झिमरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. ओरेगॉन येथील डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी त्यांतील एका रेणूचा सीएमएलच्या पेशींवरील प्रभाव दाखविला. हाच रेणू 'इमॅटिनिब' म्हणून ओळखला जातो. एटीपी ज्या खाचेत बसतो त्याच खाचेत जाऊन तो बसतो आणि प्रथिनाला बंद अवस्थेत जखडून ठेवतो. १९९८ साली रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या. पहिल्या टप्प्यात पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तपेशींची संख्या पूर्ववत झाली. मे २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधाला मान्यता दिली. पुढे मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत इमॅटिनिबपासून सुरुवात केलेले ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात असल्याचे आढळले.

एक लाख वीस हजार की दहा हजार?

१९९६ साली सिबा-गायगी आणि सँडोझ यांच्या विलीनीकरणातून नोव्हार्टिस कंपनी अस्तित्वात आली. तिने 'ग्लिव्हेक' या नावाने ही गोळी बाजारात आणली. भारतात तिचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी सुमारे ८ ते १० हजार रुपयांत मिळत होती. गोळी आयुष्यभर घ्यावयाची असल्याने या फरकाला जगणे आणि मरणे यांतील अंतराचे स्वरूप आले.

भारतीय कंपन्यांना हे औषध बनविता आले, याचे कारण १९७०चा पेटंट कायदा. त्यात औषधाच्या उत्पादनप्रक्रियेला पेटंट मिळे, प्रत्यक्ष औषधाला नव्हे. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार भारताला १ जानेवारी २००५ पासून ही तरतूद बदलावी लागली. नोव्हार्टिसने इमॅटिनिब मेसिलेटच्या 'बीटा' स्फटिकरूपासाठी चेन्नई येथील पेटंट कार्यालयात १९९८ सालीच अर्ज दाखल केला होता. नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीला विक्रीचे विशेष हक्क मिळाले. मद्रास उच्च न्यायालयाने काही भारतीय कंपन्यांना मनाई केली, तर मुंबई उच्च न्यायालयाने तशी मनाई देण्यास नकार दिला.

या लढाईत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मुंबईत १९६९ साली स्थापन झालेल्या 'कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन' या रुग्णसाहाय्य संस्थेने पेटंट अर्जाला औपचारिक हरकत घेतली. नॅटको, सिप्ला, रॅनबॅक्सी आणि हेटेरो या कंपन्याही विरोधात उभ्या राहिल्या. हरकतीचा मुख्य आधार होता कायद्यातील कलम ३(ड). माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप केवळ नवे आहे म्हणून पेटंटला पात्र ठरत नाही, त्याची गुणकारिता वाढलेली असली पाहिजे, असे हे कलम सांगते.

जानेवारी २००६ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कलमाच्या वैधतेला दिलेले आव्हान मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्ट २००७ मध्ये अमान्य केले, तर जून २००९ मध्ये अपील मंडळानेही पेटंट नाकारले. अखेर १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने कंपनीचे अपील फेटाळले. नवे स्फटिकरूप शरीरात ३० टक्के अधिक प्रमाणात शोषले जाते, असा कंपनीचा दावा होता. केवळ त्यावरून रोग बरा करण्याची क्षमता वाढल्याचे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. अशा निकालांनी नव्या संशोधनाला खीळ बसेल, ही कंपनीची भूमिका होती. गरजू रुग्णांना मोफत गोळ्या देणारा कार्यक्रमही कंपनीने २००२ पासून राबविला आणि त्याचा लाभ देशातील हजारो रुग्णांना झाला. मात्र रुग्णाचा उपचार कंपनीच्या औदार्यावर अवलंबून असावा काय, हा रुग्णसंघटनांचा प्रश्न होता.

आता इमॅटिनिब भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत असून त्याच्या किमतीवर सरकारी नियंत्रण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली त्याचा आपल्या सूचीत समावेश केला.

नागपूरशी नाते

या विषयाच्या दोन्ही बाजू, वैद्यकीय आणि कायदेशीर, नागपूरशी निगडित आहेत. सिव्हिल लाइन्स भागात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. देशातील पेटंट परीक्षकांना प्रशिक्षण देण्याचे काम ही संस्था करते. कलम ३(ड)ची कसोटी अर्जांना लावण्याची पहिली जबाबदारी याच परीक्षकांवर असते.

दुसरी बाजू रुग्णालयांची. शहरातील कर्करुग्णांची नोंदवही १९८० साली सुरू झाली. राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जामठा येथील नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि मिहानमधील 'एम्स' येथे विदर्भाबरोबरच छिंदवाडा, बालाघाट, शिवनी आणि छत्तीसगडमधील रुग्ण येतात. पाश्चात्त्य देशांत हा रोग प्रामुख्याने साठीच्या आसपास आढळतो. भारतीय रुग्ण मात्र बहुधा तिशी-चाळिशीतील, म्हणजे घरातील कमावता माणूस असतो. गडचिरोली किंवा मेळघाटातील अशा रुग्णाला गोळ्या आणण्यासाठी दर महिन्याला मजुरी बुडवून प्रवास करावा लागतो. गोळी स्वस्त झाली तरी हा खर्च शिल्लकच राहतो.

गोळी चुकली तर

उपचारांतील खरा धोका येथेच आहे. काही महिन्यांत रुग्णाला बरे वाटू लागते, पानथरीची सूज उतरते, भूक लागते आणि 'आता कशाला औषध' असे वाटू लागते. परंतु बीसीआर-एबीएल असलेल्या मूळ पेशी अस्थिमज्जेत दडून असतात. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ८७ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ९० टक्क्यांहून अधिक गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे ९४ टक्के रुग्णांत रोगाचा अंश अपेक्षित पातळीखाली गेला. त्याहून कमी गोळ्या घेणाऱ्यांत हे प्रमाण अवघे २८ टक्के होते. महिन्यातून तीन गोळ्या चुकल्या की रुग्ण दुसऱ्या गटाच्या उंबरठ्यावर येतो.

रोगाचा अंश मोजण्यासाठी साध्या रक्ततपासणीबरोबर 'पीसीआर' ही चाचणी सुरुवातीला दर तीन महिन्यांनी करावी लागते. बीसीआर-एबीएलचे प्रमाण तीन महिन्यांत १० टक्के, सहा महिन्यांत १ टक्का आणि वर्षभरात ०.१ टक्का किंवा त्याखाली येणे अपेक्षित असते. तसे न झाल्यास गोळ्या चुकल्या काय, हे प्रथम पाहिले जाते. त्यानंतर प्रथिनात नवा बदल झाला काय, याची तपासणी होते. काही रुग्णांत औषध ज्या खाचेत बसते तिचाच आकार बदलतो. अशा वेळी डासाटिनिब, निलोटिनिब ही पुढील पिढीची औषधे उपयोगी पडतात. 'टी३१५आय' नावाच्या बदलापुढे तीही निष्प्रभ ठरतात. त्यावर पोनाटिनिब आणि २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ॲसिमिनिब ही औषधे आहेत.

गोळी कधीच थांबत नाही काय? फ्रान्समधील एका अभ्यासात दोन वर्षांहून अधिक काळ रोगाचा अंशही न आढळलेल्या रुग्णांची गोळी थांबविण्यात आली. त्यांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णांत रोग परतला नाही. ज्यांच्यात तो परतला, त्यांपैकी जवळजवळ सर्वांना गोळी पुन्हा सुरू करताच गुण आला. मात्र हा प्रयोग नियमित पीसीआर चाचणीची सोय असेल तरच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो.

हे लक्षात ठेवा

- सततचा थकवा, वजन घटणे, रात्री घाम येणे, पोटाच्या डाव्या बाजूला जडपणा आणि थोडे खाताच पोट भरणे ही लक्षणे असू शकतात. अनेकांत मात्र अन्य कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीतच रोगाचा सुगावा लागतो.
- इमॅटिनिबची नेहमीची मात्रा दिवसातून एकदा ४०० मिलिग्रॅम असते. गोळी जेवणासोबत आणि पेलाभर पाण्यासह घ्यावी.
- पापण्यांना सूज, पायात गोळे येणे, मळमळ हे परिणाम दिसू शकतात. त्यावर उपाय आहेत. परस्पर औषध बंद करू नये.
- क्षयरोगावरील रिफाम्पिसिन या औषधामुळे इमॅटिनिबची रक्तातील पातळी बरीच घटते. दोन्ही आजार असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे.
- मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या महिलांनी आधीच डॉक्टरांशी बोलावे. गरोदरपणात हे औषध टाळले जाते.
- महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आवश्यक कागदपत्रांची चौकशी करावी.

प्रौढांतील अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या सुमारे एक चतुर्थांश रुग्णांतही हेच बिघडलेले प्रथिन आढळते आणि त्यांच्या उपचारांतही या औषधांचा समावेश होतो. रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाल्यास खचून न जाता तो नेमका कोणत्या प्रकारचा आहे आणि बीसीआर-एबीएलची चाचणी झाली आहे काय, हे रुग्णाच्या कुटुंबीयांनी सर्वप्रथम विचारून घ्यावे.