मोबाईलवर चांगला फोटो कसा काढायचा? सौताड्याचा धबधबा, दिवाळीच्या पणत्या आणि घरातली माणसं

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. अनेक घरांत म्हातारे आई-वडील आणि शाळेत जाणारी मुलं मागे राहतात. सगळे पुन्हा एकत्र येतात ते गाळप हंगाम संपल्यावर, म्हणजे पाच-सहा महिन्यांनी.

अशा घरात निघण्याआधी काढलेला फोटो पुढचे कित्येक महिने पाहिला जातो. पण अनेकदा त्यात चेहरे काळे येतात, नाहीतर फोटो हलतो. बहुतेक वेळा दोष स्वस्त मोबाईलचा नसतो, तर प्रकाशाचा अंदाज चुकलेला असतो.

कॅमेरा नेमकं काय करतो?

आपल्या डोळ्यांना ऊन आणि सावली एकाच वेळी नीट दिसते. मोबाईलच्या छोट्या सेन्सरला ते तितकं जमत नाही. पाठीमागे लख्ख आभाळ असेल, तर कॅमेरा आभाळ सांभाळतो आणि माणूस काळा पडतो.

त्यावर सोपा उपाय आहे. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवा. बहुतेक फोनमध्ये तिथे सूर्यासारखी खूण येते. ती वर सरकवली की फोटो उजळतो, खाली सरकवली की गडद होतो. फोटो काढण्याआधी लेन्स सुती कापडाने पुसा. बोटांचा तेलकटपणा लागला असेल, तर फोटो धूसर येतो.

डोंगर, धबधबा आणि दीपमाळ

पाटोदा तालुक्यातल्या सौताड्याचा धबधबा पावसाळ्यात पाहण्यासारखा असतो. तिथली अडचण अशी की दरी अंधारी असते आणि वरचं आभाळ पांढरं. अशा वेळी एचडीआर सुरू ठेवा. त्यात फोन कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेऊन त्यांचा एक फोटो करतो. पाणी रेशमासारखं दिसायला हवं असेल, तर प्रो मोडमध्ये शटर पाव ते अर्धा सेकंद ठेवा आणि फोन ट्रायपॉडवर लावा. कड्याच्या टोकावर मात्र जाऊ नका, शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकतो.

बीड शहराजवळच्या खंडोबा मंदिराच्या उंच दीपमाळांचा फोटो जवळून, फोन वर वाकवून काढला की त्या मागे झुकल्यासारख्या दिसतात. थोडं लांब जाऊन फोन सरळ धरा. पायथ्याशी माणूस उभा केला, तर उंचीचा अंदाज येतो. सकाळी लवकर किंवा मावळतीच्या आधी तिरप्या उन्हात दगडावरचं काम उठून दिसतं.

रात्रीचे दिवे

दिव्यांचा फोटो पूर्ण अंधारात काढण्यापेक्षा सूर्य मावळल्यावर साधारण 20 मिनिटांनी काढा. आभाळात निळसर उजेड उरलेला असतो, त्यामुळे दिवेही दिसतात आणि इमारतही. कंकालेश्वर मंदिर पाण्यात उभं आहे. वारा नसेल, तर तिथे प्रतिबिंबही मिळतं.

नाइट मोडमध्ये फोन काही सेकंद उजेड गोळा करतो. तेवढा वेळ हात हलता कामा नये. फोन भिंतीला टेकवा आणि 3 सेकंदांचा टायमर लावा. पणत्यांसमोर फ्लॅश बंद ठेवा. ज्योतीवर बोट ठेवून उजेड थोडा कमी केला, की ज्योतीचा पिवळा रंग टिकतो.

घरातली माणसं

आजीला ट्यूबलाइटखाली बसवण्यापेक्षा दिवसा दाराजवळ बसवा, तोंड उजेडाकडे ठेवून. फोटो काढणाऱ्याने दाराकडे पाठ करावी, पण आपली सावली तिच्यावर पडू देऊ नये. लहान मुलांचा फोटो खाली बसून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्या. मुलं पळत असतील तर नाइट मोड नको, भरपूर उजेड आणि बर्स्ट मोड हवा.

सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना एकावर थांबू नका. चार-पाच काढले, तर एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतात. टायमर लावला की फोटो काढणाराही त्यात येतो. एरवी घराच्या अल्बममध्ये नेमका तोच नसतो.

फोटो टिकवायचा कसा?

व्हॉट्सॲपचं स्टेटस 24 तासांनी जातं. चॅटमध्ये नेहमीसारखा पाठवलेला फोटोही दाबून लहान केला जातो. म्हणून महत्त्वाचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल पोहोचते. एक प्रत दुसऱ्या फोनमध्ये किंवा क्लाउडवर ठेवा. घरातल्यांचे, विशेषतः मुलांचे फोटो सगळ्यांसाठी पोस्ट करण्याआधी घरात विचारा.

आणि फोटो स्टुडिओत जाऊन एक-दोन प्रिंट काढून घ्या. एक घरी आजीजवळ राहील, दुसरी फडावर जाणाऱ्याच्या सामानात. ती पाहायला ना चार्जिंग लागतं, ना रेंज.